युद्धाने मोडलेल्या शहरासाठी विद्यार्थ्यांची कार्यशाळा कशी आखावी

युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या पुनर्बांधणीवर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा घ्यायची ठरली की बहुधा पहिल्याच बैठकीत गाडी घसरते, कारण विषय नीट ठरण्याआधी रेखाचित्रांच्या शीटची संख्या ठरते. दोन आठवडे, पाच गट, प्रत्येक गटाचा एक बृहत् आराखडा आणि शेवटी ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे सादरीकरण, असे वेळापत्रक तयार होते आणि ज्या शहरासाठी हा खटाटोप चालला आहे, त्याच्या हाती अखेरीस हिरव्यागार गच्च्यांची देखणी चित्रे पडतात. पुढील सूचना अशी कार्यशाळा आखणाऱ्या शिक्षकांसाठी आणि तिला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. उदाहरणादाखल युक्रेनमधील खार्किव शहर घेतले आहे.

कामाला लागण्याआधी मोस्तारचा इतिहास वाचून घ्यावा. बोस्नियातील या गावचा, मिमार हैरुद्दीन याने १५६६ साली बांधलेला दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्याने नदीत कोसळला. बोस्नियातील युद्ध संपायचे होते, तरी १९९४ साली इस्तंबूलमधील एका संशोधन केंद्राने वास्तुविशारद अमीर पाशिच यांच्या पुढाकाराने ‘मोस्तार २००४’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि देशोदेशींचे विद्यार्थी व शिक्षक दरवर्षी उन्हाळ्यात एकत्र येऊन त्या गावच्या जुन्या वस्तीवर काम करू लागले. नावातच दहा वर्षांची मुदत होती आणि पूल खरोखरच २३ जुलै २००४ रोजी पुन्हा खुला झाला. पुलाचे श्रेय अर्थातच कार्यशाळेचे नाही. ते अभियंत्यांचे, पाथरवटांचे आणि निधी देणाऱ्यांचे आहे. आपण घ्यायचे ते सातत्य: एकाच गावाकडे दरवर्षी परत जाणे आणि मागच्या तुकडीने जिथे काम सोडले तिथून ते उचलणे. पहिल्या वर्षी खार्किव, दुसऱ्या वर्षी इराकमधील मोसुल आणि तिसऱ्या वर्षी आणखी कुठले शहर, अशी भटकंती करणारी कार्यशाळा प्रवासवर्णनाला बरी.

जागेची निवड करताना सुरक्षिततेबाबत कोणतीही तडजोड करू नये. खार्किव रशियाच्या सीमेपासून ३० ते ४० किलोमीटरवर आहे आणि पडलेल्या इमारतींमध्ये न फुटलेला दारूगोळा असू शकतो, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांना तिथे नेण्याचा विचार मनात आणू नये. कार्यशाळा पोलंडसारख्या शेजारच्या देशात घ्यावी आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थी युक्रेनचे असतील, असे पाहावे. खार्किवमधील वास्तुकलेची एक खासगी शाळा २०२२ साली पश्चिमेकडील ल्विव शहरात हलली. अशा संस्थांमधील शिक्षक आणि विद्यार्थीच आपले डोळे आणि कान असतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचे काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आणखी एक पथ्य आवश्यक आहे. दारूगोळ्याने नुकसान झालेल्या ठिकाणांची ताजी छायाचित्रे आणि नेमके स्थाननिर्देश समाजमाध्यमांवर टाकू नयेत, कारण हल्ला कितपत अचूक बसला याची माहिती त्यातून शत्रूला मिळते.

विद्यार्थी निवडताना संगणकावर रंगवलेल्या आकर्षक चित्रांपेक्षा (रेंडर) मोजणीचे काम पाहावे. आपल्याकडील अनेक वास्तुकला महाविद्यालयांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादा वाडा किंवा आख्खे गाव टेपने मोजण्याचा अभ्यासदौरा असतो आणि विद्यार्थी बहुतेक वेळा तो सहल म्हणून विसरून जातात. ज्याने वाड्याच्या माळवदाखालच्या तुळया मोजताना कोपरा काटकोनात नाही हे ओळखून कर्णही मोजला, त्याला आधी घ्यावे. वॉर्सा शहराचा दाखला इथे बोलका आहे. तेथील तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागात दुसऱ्या महायुद्धापूर्वी जुन्या इमारतींची मोजणी करून तयार केलेली रेखाचित्रे युद्धकाळात शहराबाहेर, प्योत्रकुव गावच्या मठात लपवून ठेवली गेली आणि पुढे जुने शहर पुन्हा उभे करताना तीच उपयोगी पडली. त्यांपैकी बरीचशी विद्यार्थ्यांच्या हातची होती.

आता प्रत्यक्ष विषय. विषय म्हणून सगळे शहर घेऊ नये. खार्किवच्या बृहत् आराखड्याचे काम २०२२ सालीच ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्यासारख्या ज्येष्ठांनी महापौरांसह हाती घेतले आहे आणि त्यात दोन आठवड्यांच्या पाहुण्यांनी भर घालण्याजोगे फारसे काही नाही. उत्तर साल्तिव्का ही शहराच्या ईशान्य कडेची वसाहत घ्यावी आणि तिच्यातलेही एकच अंगण व त्याभोवतीच्या तीन-चार इमारती निवडाव्यात. साल्तिव्का सोव्हिएत काळात, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांनी उभी राहिली. युद्धापूर्वी १४ लाखांच्या या शहरातील चार लाखांहून अधिक लोक तिथे राहत होते आणि फेब्रुवारी २०२२ पासून तिच्या उत्तर भागाने सर्वाधिक मारा सोसला.

पॅनेलची इमारत कशी वाचावी, हे कार्यशाळेचे खरे पहिले प्रकरण आहे आणि त्यासाठी पूर्ण दोन दिवस राखून ठेवावेत. या इमारतीत तुळई आणि खांब यांचा सांगाडा नसतो. भिंतीची पॅनेले आणि छताच्या लाद्या एकमेकांवर पत्त्यांच्या घराप्रमाणे उभ्या असतात आणि पॅनेलांत बसवलेले पोलादी तुकडे सांध्यांपाशी जोडून वर काँक्रीट भरलेले असते. म्हणून छायाचित्रात मोठे भगदाड दिसते तिथे नजर खिळवून न ठेवता सांधे पाहावेत. पॅनेल जागेवर आहे, पण वरच्या कडेला बोटभर फट पडून पोलाद उघडे दिसते आहे काय? छताची लादी भिंतीवर किती टेकली आहे? आग लागून गेली असेल तर काजळी कोणत्या मजल्यापर्यंत पोहोचली आहे आणि काँक्रीटचा रंग गुलाबीकडे झुकला आहे काय? तो रंग पुष्कळदा तीव्र उष्णतेची खूण असतो. त्यानंतर इमारतीचे जिन्यांनुसार भाग पाडावेत. लांब इमारत बहुधा एकसंध नसते. मध्ये मोकळे सांधे ठेवून तिचे स्वतंत्र भाग केलेले असतात, त्यामुळे एक भाग उतरवून शेजारचे दोन वाचवणे शक्य होते. प्रत्येक जिन्यासाठी एक तक्ता करावा, त्यात मजला, भिंत, सांधा, छत, खिडकी आणि ‘माहीत नाही’ असे रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण छायाचित्रावरून इमारत सुरक्षित असल्याचा निर्वाळा देण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही. तो स्थानिक संरचना-अभियंत्याचाच. आपण त्याला पाहणीसाठी प्रश्नांची यादी तयार करून देत असतो.

शाश्वततेची चर्चा या तक्त्यानंतरच सुरू करावी, आधी नाही. जगातील कर्बवायूच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटच्या निर्मितीतून होते; तेव्हा उभी असलेली भिंत वाचवणे हा पर्यावरणाचा पहिला उपाय आहे आणि पाडून नवे ‘हरित’ संकुल बांधण्याचा प्रस्ताव आला तर पाडकामाचा हिशेब आधी मांडायला लावावा. राडारोड्याचाही विचार असाच बारकाईने व्हावा. सोव्हिएत काळात छपरांना आणि इतरत्रही ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे सर्रास वापरले गेले, म्हणून ढिगारा सरसकट भरडून रस्त्याखाली घालण्याची कल्पना धोक्याची आहे. ॲस्बेस्टॉस ओळखणे, ते ओले ठेवून वेगळे काढणे आणि मगच काँक्रीट भरडणे, असा क्रम नकाशावर दाखवावा लागतो. ढिगाऱ्याला स्मृतीही असते. वॉर्सातील मुरानुव वसाहत वास्तुविशारद बोहदान लाखेर्त यांनी ज्यू वस्तीच्या अवशेषांवर आणि त्याच राडारोड्यापासून केलेल्या ठोकळ्यांनी उभारली, तिची घरे आजही उंचवट्यांवर दिसतात. खार्किवमध्ये काय जपावे, हे मात्र तिथल्या रहिवाशांनीच सांगायचे आहे.

उष्णतेचा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी नसतो, म्हणून त्यावर एक सकाळ खर्च करावी. या वसाहतींना गरम पाणी आणि ऊब दूरच्या केंद्रातून जमिनीखालच्या नळांनी येते. मार्च २०२४ मधील हल्ल्यात शहराच्या एका मोठ्या वीज-उष्णता केंद्राचे जबर नुकसान झाले. त्यामुळे भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर देणे, तो न पेटणाऱ्या खनिज लोकरीचा असणे आणि एकेका अंगणापुरती छोटी तापनयंत्रणा पर्याय म्हणून उभी करणे हे तीन मुद्दे एकत्र सोडवावे लागतात. त्यांना चौथा जोडून येतो तो हल्ल्याच्या वेळी लागणाऱ्या आसऱ्याचा. खार्किवमध्ये सप्टेंबर २०२३ पासून मेट्रो स्थानकांत शाळेचे वर्ग भरू लागले आणि २०२४ साली जमिनीखाली बांधलेली स्वतंत्र शाळाही सुरू झाली. अंगणाच्या आराखड्यात तळघर हे उरलेल्या जागेत बसवण्याचे प्रकरण राहिलेले नाही. मुलगी पाचव्या मजल्यावरून तिथे किती मिनिटांत पोहोचते, हे घड्याळ लावून मोजावे आणि जिन्याची रुंदी त्यावरून ठरवावी.

रहिवाशांशी बोलण्यासाठी दूरचित्रसंवादाच्या तीन बैठका पुरेशा आहेत, मात्र त्या पहिल्या आठवड्यातच व्हाव्यात. ‘तुम्हाला कसे शहर हवे?’ असा भव्य प्रश्न टाळावा. बाक कुठे होता, कपडे कुठे वाळत, म्हातारी माणसे उन्हाला कुठे बसत, जर्दाळूचे झाड कोणी लावले, असे विचारावे. मराठी विद्यार्थ्याला या प्रश्नांचे मोल समजावणे अवघड नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातील अनेक गावे नव्या जागी, चौकटीसारख्या सरळ रस्त्यांवर बसवली गेली; घरे भक्कम झाली, पण गल्लीबोळांतला शेजार विरळ झाला आणि शेते लांब पडली. युद्ध आणि भूकंप यांची कारणे वेगळी, पण गाव हलवण्याची घाई सारखीच असते. ज्यांचे घर गेले आहे त्यांना त्या दिवसाबद्दल खोदून विचारू नये. त्यांनी आपणहून सांगितले तर लेखणी खाली ठेवून ऐकावे.

दहा कामाच्या दिवसांपैकी पहिले चार दिवस एकही प्रस्ताव रेखाटू नये, हा नियम कागदावर लिहून भिंतीला लावावा. त्याविरुद्ध कुरकुर होणार, तिसऱ्या दिवशी कोणीतरी चोरून स्केच काढणारच. त्याला रागावू नये, स्केच लिफाफ्यात घालून आठव्या दिवशी परत द्यावे. पुढचे चार दिवस प्रस्तावाचे, उरलेले दोन हस्तांतराचे. हे शेवटचे दोन दिवस बहुतेक आयोजक ज्युरीला आणि निरोपसमारंभाला देतात आणि काम संगणकात तसेच पडून राहते. त्याऐवजी सर्व टिपणे युक्रेनियन भाषेत करून घ्यावीत, रेखाचित्रे १:१०० आणि १:२० या प्रमाणांत, कुठल्याही संगणकावर उघडतील अशा साध्या स्वरूपात द्यावीत, प्रत्येक मापाशेजारी ते प्रत्यक्ष मोजलेले, छायाचित्रावरून काढलेले की अंदाजाने धरलेले हे नोंदवावे आणि सगळा संच ज्या इमारतीचा आहे तिच्या रहिवासी संघाकडे व तिथल्या वास्तुकला शाळेकडे सोपवावा. एक प्रत स्वतःकडे ठेवावी. पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या तुकडीला पहिल्या सकाळी तीच वाचायला द्यायची आहे.