आधी मोजपट्टी, मग शोरूम

दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत, देवरुखच्या पुढे वाडीच्या उतारावर आमच्या जुन्या हॅचबॅकचा चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटला. मखराचं सामान डोक्यावर घेऊन शेवटचा दीड किलोमीटर आम्ही पाचजण चालत गेलो, आई गुडघे धरत. डोंबिवलीला परतल्यावर बायको म्हणाली, "आता गाडी त्या दीड किलोमीटरसाठी घ्यायची." तरी मी महिनाभर वाळूत उड्या मारणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघत बसलो.

तुम्ही तसं करू नका. मोजपट्टी घ्या आणि गावाला जा.

सगळ्यात अरुंद जागा आधी मोजा. आमच्याकडे दोन गडग्यांमध्ये सव्वासात फूट, म्हणजे साधारण २२०० मिलिमीटर. जिम्नीची रुंदी १६४५, थार रॉक्सची १८७०, स्कॉर्पिओ-एनची १९१७. यात आरसे धरलेले नसतात. जिम्नी वाडीत पाण्यासारखी शिरली असती, ग्राउंड क्लिअरन्सही (पोटाखालची मोकळी उंची) २१०. पण तिला सीट चार, आम्ही पाच. तिथेच विषय संपला.

मग चाकोरी मोजा. चिऱ्याचे ट्रक जाऊन जाऊन दोन्ही बाजू खोल होतात आणि मधला वरंबा गाडीच्या पोटाला लागतो. पुस्तिकेतला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि तांदळाची पोती भरली की बॉडी खाली बसते. मागे दोन्ही चाकं जोडणारा सलग अ‍ॅक्सल असेल तर त्यातलं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा, मात्र आहे तिथेच राहतं, आणि पुष्कळदा तेच सगळ्यात खाली असतं. वाकून बघा. शोरूममध्ये वाकायला लाजू नका.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, हवीच का? तुमचा रस्ता सुक्या मुरमाचा असेल तर नको. मागच्या चाकांवर चालणारी बोलेरोसारखी गाडी आणि चांगले टायर पुरतात. भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तिथेच जागच्या जागी चाकं फिरवते. पावसात चिकणमातीचा चढ असेल तर मात्र फोर बाय फोर घ्या, तीही लो रेंजवाली, म्हणजे हळू पण जास्त जोर देणारे गिअर असलेली. लो रेंजमध्ये गाडी रांगत चढते, उतारावर ब्रेक न जाळता उतरते. रस्त्यावरच्या 'ऑल व्हील ड्राइव्ह' गाड्यांपैकी बऱ्याच जणींना लो रेंज नसतं, तेव्हा नावावर जाऊ नका. आणि रॉक्ससारख्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) लावून ठेवू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण गिअरवर येतो.

खरी परीक्षा आईनं घेतली. तिला सोबत नेलं आणि प्रत्येक गाडीत तीनदा चढ-उतार करायला लावलं. फोर्स कंपनीच्या पाच दारांच्या 'गुरखा' गाडीला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलला लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद मिळते), सात सीट. माझा जीव अडकला होता. आईनं एक पाय वर टाकला, दांडा धरला आणि म्हणाली, "मला काय माडावर चढवतोस?" शिवाय ती फक्त मॅन्युअल, आणि कशेडी घाट बायको चालवते. शेवटी डिझेल रॉक्स, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक घेतली. (पेट्रोल रॉक्सला फोर बाय फोर मिळत नाही.) बाजूची पायरी, आतला दांडा आणि दार किती उघडतं, हे म्हाताऱ्या माणसाला बसवूनच कळतं.

चाकं १८ इंची मिळत असतील तर १९ च्या मोहात पडू नका. रबराची भिंत जाड असेल तर दगडाचा मार टायर सोसतो, रिम वाचते. चिखलात हवा ३२-३३ वरून २२ पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते. पण परत भरायला बारा व्होल्टचा पंप जवळ हवा, आणि तोवर गाडी सावकाश हाका.

राहिला वहाळ. रॉक्स ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणतात, पण वाहतं पाणी तो आकडा वाचत नाही. लोंढा असेल तर मी पाण्यात पायसुद्धा घालत नाही. संथ असेल तरच काठी घेऊन आधी स्वतः चालत जातो. पाणी गुडघ्याला लागलं की गाडी अलीकडे लावायची आणि साकवावरून चालत जायचं. आई तेव्हा कुरकुरते, "मग एवढे पैसे कशाला घातलेस?"