साबणाचे पाणी आणि आल्फाचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पर्यावरण अभियांत्रिकी शिकून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पहिली नोकरी धरणाऱ्यांनी एक विषय रुजू होण्याआधीच पक्का करावा, असे मी नेहमी सुचवतो. तो म्हणजे डिटर्जंटचा एरेशनवर, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडण्यावर, होणारा परिणाम. परीक्षेत त्याला फारसे महत्त्व मिळत नाही. वीजबिलात मात्र मिळते, कारण केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी वीज हवा देण्यावरच खर्च होते.

डिफ्यूझरच्या, म्हणजे टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या साधनाच्या, माहितीपत्रकातली कार्यक्षमता स्वच्छ पाण्यातली असते. सांडपाण्यात ऑक्सिजन विरघळण्याचा वेग स्वच्छ पाण्यातल्या वेगाच्या किती पट आहे, हे सांगणाऱ्या गुणांकाला आल्फा म्हणतात. बारीक बुडबुड्यांच्या डिफ्यूझरसाठी तो बहुधा ०.३ ते ०.७ इतका राहतो. डिटर्जंटचे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जमतात. त्यामुळे पृष्ठताण घटून बुडबुडे लहान होतात आणि एकूण क्षेत्रफळ वाढते, ही जमेची बाजू. परंतु तोच थर पृष्ठभागाला ताठर करतो, बुडबुड्यालगतचे पाणी पूर्वीच्या वेगाने बदलत नाही आणि ऑक्सिजनची वाट मंदावते. बारीक बुडबुड्यांत सहसा हे नुकसानच वरचढ ठरते. म्हणूनच टाकी दुधासारखी पांढरी दिसत असताना डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मीटरचा आकडा खाली येतो, आणि नवा माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवून मीटरच बिघडले असे समजतो. पृष्ठभागावर पाणी घुसळणाऱ्या एरेटरमध्ये खळबळीमुळे हा फटका कमी बसतो.

आल्फा ०.६ वरून ०.४ वर आला, तर तेवढाच ऑक्सिजन देण्यासाठी किमान दीडपट हवा लागते. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे २५ अंश तापमानाला पाण्यात ऑक्सिजनची संपृक्तता, म्हणजे जास्तीत जास्त विरघळू शकणारे प्रमाण, लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमऐवजी साडेसातच्या आसपास राहते. ही दुरुस्ती न करता मांडलेली गणिते मी पुष्कळ पाहिली आहेत.

वसतिगृहे आणि अपार्टमेंटच्या लहान केंद्रांत हा परिणाम अधिक तीव्र असतो, कारण रविवारी सकाळी सगळीकडे एकदमच धुणे निघते आणि समतोल टाकी (कमीजास्त येणारे पाणी साठवून सारख्या वेगाने पुढे सोडणारी) अपुरी असेल तर साबणाचा लोंढा थेट एरेशनमध्ये येतो. अशा वेळी नोंदवही वाचायला शिका. ती बहुधा कानडीत असते, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरने वेळेसह लिहिलेला ‘नोरे’, म्हणजे फेस, एवढा शेरा प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा लवकर उपयोगी पडतो. खात्री हवी असल्यास मिथिलीन ब्लू चाचणी करावी: ऋणभारित डिटर्जंट निळ्या रंगासह क्लोरोफॉर्मच्या थरात उतरते आणि त्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजता येते. फेस मारण्याचे रसायन ओतण्याची घाई करू नये. फेस बसतो, पण ती रसायनेही ऑक्सिजनचे विरघळणे कमी करू शकतात.

आजचे नेहमीचे डिटर्जंट जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे लांबट टाकीत सुरुवातीला आल्फा कमी आणि शेवटाकडे जास्त असतो. गाळाचे वय, म्हणजे जिवाणूंचा गाळ सरासरी जितके दिवस टाकीत राहतो तो काळ, पुरेसे ठेवले तरी तो सुधारतो. डीओ धुण्याच्या वेळी पडून रात्री सावरत असेल, तर संशय डिटर्जंटवर घ्यावा. डीओ महिनोन्महिने हळूहळू उतरत असेल आणि हवा ढकलणाऱ्या ब्लोअरचा दाबही चढत असेल, तर डिफ्यूझरची छिद्रे बुजली आहेत असे समजून टाकी रिकामी करण्याची तयारी करावी.