पार्श्वसंगीतकार व्हायचंय? दिग्दर्शकाबरोबरची बैठक आधी शिका

वाद्यावर हात आहे, संगणकावर रेकॉर्डिंग जमतं, हे धरून चालतो. महागडे प्लगिन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे वाद्यांचे, इफेक्टचे प्रोग्राम) घ्या, आधी मुंबईत बस्तान बसवा, असे सल्ले देणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. या धंद्यात माणूस टिकतो तो त्याच दिग्दर्शकाचा दुसऱ्यांदा फोन आला म्हणून.

पहिली कामं नाटकात शोधा. कॉलेजात असाल तर पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची तालीम धरा, नसाल तर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी एखादी हौशी संस्था. नट प्रत्येक प्रयोगात वेगळा थांबतो आणि संगीत त्याच्या श्वासाबरोबर सोडावं लागतं, हे शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. संगीतकार भास्कर चंदावरकरांनीही ‘सामना’ चित्रपटाच्या (१९७५) आधी ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक (१९७२) केलं होतं. मग पुण्यात एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या फिल्म्स, ओळखीतल्यांच्या शॉर्टफिल्म्स.

एडिट लॉक झाल्याशिवाय, म्हणजे संकलन पक्कं होऊन त्यात बदल थांबल्याशिवाय, एक सूरही लावू नका. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २४ की २५ ते एडिटरला विचारा, रेकॉर्डिंग सेशनचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवा.

आता खरी अडचण. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते रेफरन्स ट्रॅकशी. संकलन करताना एडिटर कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचं संगीत प्रसंगाखाली टाकतो. दिग्दर्शक ते आठवडेच्या आठवडे ऐकतो, कान त्यालाच सरावतात आणि बैठकीत तुम्हाला म्हणतो, ‘असंच काहीतरी दे.’ इथे मान डोलावलीत तर संपलं. नक्कल मूळ संगीतापेक्षा फिकीच वाटणार, शिवाय चोरीचा आळ तुमच्यावर येणार.

म्हणून बैठकीत पहिला आग्रह हा धरा: रेफरन्स बंद, फक्त संवाद आणि आवाज ठेवून अख्खी फिल्म दोघांनी एकत्र बघायची. दिग्दर्शक कुरकुरला तरी मागे हटू नका. मग रेफरन्स लावा आणि त्यात नेमकं काय आवडलं ते खोदून विचारा. लय? वाद्याचा पोत? बहुतेकदा उत्तर वेगळंच निघतं: ते कुठे सुरू होतं आणि कुठे गप्प बसतं, तेच त्याला भावलेलं असतं. तेवढं घ्या, बाकी सोडून द्या.

समजा, मुलगा ‘येतो गं’ म्हणून निघतो आणि आई ओट्यापाशी उभी आहे. दिग्दर्शकाला सुरुवातीपासून सारंगी हवी असते. सारंगी दाराची कडी वाजल्यानंतर, आईचा हात थांबतो त्या फ्रेमवर आणून दाखवा. आधीपासून वाजवली तर प्रेक्षकाला रडायची सूचना मिळते, आणि प्रसंग तिथेच मरतो. त्यात संवादाखाली आवाजाच्याच पट्टीत सारंगी किंवा बासरी धून वाजवू लागली तर शब्द बुडतात. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज शेवटी एकत्र जुळवताना, शब्द वाचवायचे असतात, त्यामुळे खाली जातं ते तुमचंच संगीत. संवादाखाली खालचे, लांब स्वर ठेवा, धून बोलणं संपल्यावर आणा.

प्रत्येक तुकड्याचा प्रवेश, शेवट आणि कारण तिथेच टाइमकोडसकट (फिल्ममधली नेमकी वेळ) लिहा. कारण एका ओळीत लिहिता येत नसेल तर तिथे संगीत नको.

पहिला नमुना सर्वात अवघड प्रसंगाचा द्या आणि तो चित्रासकटच दाखवा. नुसती ऑडिओ फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणं मला अजिबात मान्य नाही. मोबाइलवर, गाडीत ऐकून आलेल्या मतांना काही अर्थ नसतो. ‘पंच नाही’, ‘जरा इमोशनल कर’ असं ऐकू आलं की वाद घालू नका. ‘कुठल्या फ्रेमवर?’ एवढंच विचारा आणि चित्र तिथे थांबवा.

संगीत पक्कं झालं की वाद्यगटांचे स्टेम्स, म्हणजे प्रत्येक गटाची स्वतंत्र ऑडिओ फाइल, वेगवेगळे करून द्या.

करार कामाआधी आणि लेखीच. किती फेरबदल करून द्यायचे आणि वादकांचे पैसे कोण देणार, हे त्यात हवंच. ठोक रकमेत वादक धरलेले असले तर तुमच्या हाती फार थोडं उरतं. संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व लगेच घ्या. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. करारात तसं कलम दिसलं तर खोडायला लावा. स्टेम्सबरोबर क्यू शीटही (फिल्ममधल्या संगीताची यादी) द्या: तुकड्याचं नाव, लांबी, संगीतकार. ती निर्मात्याच्या ऑफिसात कोणी करेल म्हणून थांबू नका.