अतिलहान कृत्रिम माश्यांसाठी गळ निवडताना

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात साउथ प्लॅट नदीच्या धरणाखालच्या थंड प्रवाहात ट्राउट मासे हिवाळ्यात मुख्यतः चिलटांएवढे मिज कीटक खातात, आणि त्यांची नक्कल करणारी माशी, म्हणजे गळावर दोरा गुंडाळून केलेले आमिष, २० ते २६ क्रमांकाच्या गळावर बांधावी लागते. क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. मात्र निरनिराळ्या कंपन्यांचे एकाच क्रमांकाचे गळ तंतोतंत सारखे नसतात, म्हणून ते शेजारी ठेवून पाहावेत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे असते ते टोक आणि दांडी यांमधले अंतर. एवढ्याशा गळावर दोऱ्याचे चार वेढे जास्त पडले, तरी ते अंतर भरून जाते आणि टोक माशाच्या तोंडात नीट रुतत नाही. यासाठी आखूड दांडीचा, रुंद वाकाचा गळ घ्यावा. टीमको या जपानी कंपनीचा टीएमसी २४८८ हा तसा गळ असून त्याच्या २० क्रमांकावर २२ क्रमांकाएवढी माशी सहज बसते. त्याचा डोळाही (दोरा ओवायचे भोक) सरळ आहे, तर खाली वळलेला डोळा त्या मोलाच्या अंतराच्या आड येतो.

तरंगणाऱ्या माशीसाठी बारीक तारेचा गळ योग्य असतो. बुडणाऱ्या माशीसाठी किंचित जाड तार निवडावी, कारण बारीक तार मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होऊ शकते. माशी ज्याला बांधून पाण्यात टाकतात तो सुमारे ०.१० मिलिमीटर जाडीचा, ७एक्स मापाचा दोरा डोळ्यातून सहज जातो ना, हे माशी बांधण्यापूर्वीच तपासावे. शक्यतो टोकाजवळचा उलटा काटा नसलेलाच गळ घ्यावा, कारण इतक्या लहान गळाचा काटा चिमट्याने दाबताना टोक मोडण्याची भीती असते.