गोळी एक, औषधे दोन: ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलचे लेबल आणि माहितीपत्रक कसे लिहावे

ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर किंवा मणक्याच्या दुखण्यात ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते. पेशंटच्या लेखी ती नुसती ‘दुखायची गोळी’. घोळ इथेच सुरू होतो, कारण घरात दुखायच्या गोळ्या आणखी दोन-तीन असतात आणि त्यांतल्या बहुतेकींत पॅरासिटामॉल असतेच.

हिशेब मांडून बघा. जोडगोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दोन-दोन गोळ्या तीन वेळा म्हणजे पॅरासिटामॉल १९५०. कणकण वाटते म्हणून ६५० ची गोळी तीन वेळा, आणखी १९५०. गुडघ्यासाठी आधीपासून चालू असलेली असिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोन वेळा, ३२५ च्या हिशेबाने ६५०. बेरीज ४५५०. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरीच कमी. यात पेशंटने एकही गोळी ‘जास्त’ घेतलेली नाही. तिन्ही पाकिटांवर नावे वेगळी होती, एवढेच.

म्हणून औषध दुकानदाराचे पहिले काम नावाचे. चिठ्ठी, बिल, पाकीट, रजिस्टर आणि माहितीपत्रक या पाचही ठिकाणी नाव एकाच साच्यात हवे: अफूवर्गीय (अफूसारखे काम करणारे, इथे ट्रामाडॉल) औषध आधी, त्याची ताकद, मग अधिकचे चिन्ह, मग दुसरे औषध, त्याची ताकद, शेवटी गोळी की कॅप्सूल. म्हणजे ‘ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम + पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, गोळी’. ब्रँडचे नाव खाली, लहान अक्षरात. दोन औषधांच्या गोळीत मूळ नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फाँट-साइजने मोठे छापायचे, असा कंपनीच्या लेबललाही नियम आहे. दुकानातून सुट्या गोळ्या घालून देतो त्या आपल्या पाकिटावर मात्र नेमके उलटे होते.

‘पीसीएम’ (पॅरासिटामॉल), ‘ट्राम-पॅरा’ असली लघुरूपे काउंटरच्या आत ठीक, पाकिटावर नकोत. ‘प्लस’, ‘फोर्ट’, ‘पी’ या शेपट्यांवर विसंबू नका. एका ब्रँडच्या ‘प्लस’मध्ये एक औषध असते, दुसऱ्याच्या ‘प्लस’मध्ये वेगळेच. देवनागरीत ट्रामाडॉल, ट्रॅमाडोल, ट्रामाडोल असे तिन्ही दिसते. दुकानापुरते एकच ठरवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तेच भरा, नाहीतर शोधताना एकाच मालाच्या तीन नोंदी निघतात.

दशांश चिन्ह हा वेगळाच त्रास आहे. थर्मल प्रिंटरच्या पट्टीवर ३७.५ मधला ठिपका पुसट होतो आणि ३७५ वाचले जाते. तो आकडा ठळक छापा, शाईच्या पेनने ठिपका गिरवा. उलट, पूर्णांकाच्या पुढे ‘.०’ कधीच लावू नका, ५०.० चे ५०० व्हायला वेळ लागत नाही.

बाहेरून आलेल्या औषधांचीही सवय ठेवा. लंडनहून आलेल्या नातेवाइकाच्या पिशवीत को-कोडामॉल ३०/५०० निघते. हे कोडीन ३० आणि पॅरासिटामॉल ५०० चे ठरवून दिलेले जोडनाव. सुटसुटीत आहे खरे, पण त्यात पॅरासिटामॉल दिसत नाही; म्हणून तिथे पाकिटावर ‘यात पॅरासिटामॉल आहे’ अशी सूचना वेगळी द्यावी लागते. अमेरिकेतून आलेल्या बाटलीवरचे ॲसिटामिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉलच. ‘यात पॅरासिटामॉल आहे’ ही सूचना आपणही उचलावी.

आता स्ट्रिप कापण्याची गोष्ट. दहाच्या स्ट्रिपमधून सहा द्यायच्या तर कात्री अशी लावतात की बॅच आणि मुदत छापलेली कड दुकानात राहते आणि पेशंटकडे नुसता चंदेरी तुकडा जातो. तुकडा कापण्याआधी बॅच नंबर आणि मुदत पाकिटावर उतरवा. पाकीट असे:

ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम + पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम
एकूण ६ गोळ्या, २ दिवसांसाठी
१ गोळी दर ८ तासांनी: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०
यात पॅरासिटामॉल आहे. तापाची, सर्दीची, अंगदुखीची दुसरी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.
झोप येते. गाडी चालवू नका. दारू नको.
बॅच, मुदत, तारीख

नुसते १-१-१ लिहू नका. अनेकजण ते जेवणाशी जोडतात आणि दुपारचे जेवण चारला झाले की पुढची गोळी रात्री आठलाच घेतात. डॉक्टरांनी ‘एसओएस’ लिहिले असेल तर त्याचे ‘दुखले तरच, आणि दोन गोळ्यांत किमान ६ तास’ असे करा. मात्र ते अंतर आणि दिवसाची कमाल संख्या डॉक्टरांना फोन करून विचारा, मनाने घालू नका. या ताकदीच्या गोळीची वरची मर्यादा साधारणपणे दिवसाला ८. म्हाताऱ्या माणसांत आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी.

माहितीपत्रक एका पानाचे, अक्षर १४ पॉइंटचे, वाक्ये छोटी. ‘अफूवर्गीय’ शब्द लपवू नका, पण समजावून सांगा: या गोळीत अफू नाही, ट्रामाडॉल कारखान्यात बनते, मात्र मेंदूत ते अफूच्याच जागी बसते, म्हणून गुंगी येते, बद्धकोष्ठ होते आणि बरेच दिवस घेतल्यास सवय लागते. एवढे सांगितले की पेशंट घाबरतही नाही आणि शेजाऱ्याला दोन गोळ्या देऊनही टाकत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही, हे वेगळ्या ओळीत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना सांगायचे, हेही.

पुढचे प्रश्न पत्रकावर छापून तिथेच टिक करून घ्या: झोपेची किंवा घबराटीची गोळी (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम) चालू आहे का? डिप्रेशनची (सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन) आहे का? कधी फिट आली होती का? पहिल्यात श्वास मंदावतो, दुसऱ्यात सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन वाढून थरथर, घाम, ताप येऊ शकतो आणि फिटची शक्यताही वाढते. तिसऱ्यात ट्रामाडॉल मुळातच धोक्याचे. एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन.

धोक्याची खूण चौकटीत: हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास संथ, ओठ निळसर, १०८ ला फोन करा, पाकीट सोबत न्या. पॅरासिटामॉल जास्त गेल्याचे पहिल्या दिवशी बऱ्याचदा काहीच दिसत नाही, पण उतारा ८ तासांच्या आत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून ‘उलटी झाली तर बघू’ असे म्हणत थांबू नये, हे पत्रकावर लिहाच.

कोल्हापूरची म्हणून दोन बाबी. निपाणी-संकेश्वरकडून येणाऱ्यांसाठी पत्रकाच्या मागे कन्नड मजकूर हवा, आणि तो कन्नड बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या; मोबाईलवरचे भाषांतर तसेच छापू नका. गळीत हंगामात ऊसतोड कामगार अर्धे औषध घेऊन फडावर जातात आणि हंगाम संपला की गावी. त्यांच्या पाकिटावर ‘किती दिवस’ हा आकडा मोठा लिहा आणि सांगा, आठवडा-दोन आठवडे रोज घेतल्यावर एकदम बंद केली तर अस्वस्थता, घाम, जुलाब होतात. कमी करत बंद करायची.

ट्रामाडॉल १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये (चिठ्ठीवरच द्यायच्या आणि वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवायच्या औषधांच्या यादीत) आहे आणि एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही. रजिस्टरमध्ये डॉक्टरांचे नाव-पत्ता, पेशंटचे नाव, औषध, नग. तीन वर्षे जपायचे. इथेही वरचाच साचा वापरा, ब्रँड नको. तपासणीच्या वेळी खरेदी आणि विक्रीचा मेळ बसवताना त्याचा उपयोग होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी आलेल्या जोडऔषधांत पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, टॉरिन आणि कॅफिन अशी चार घटकांची गोळी होती. ब्रँडने नोंदवलेला साठा अशा वेळी शोधावा लागतो, घटकांनी नोंदवलेला एका शोधात सापडतो.

पत्रक देताना शेवटी पेशंटलाच विचारा, “दुसरी कुठली गोळी घ्यायची नाही?” उत्तर ‘पॅरासिटामॉलची’ असे आले तर पत्रक पोचले. ‘गरम पडणारी’ असे आले तर घरातली औषधांची पिशवी उद्या घेऊन यायला सांगा.