पुराच्या विमा क्लेम्सचं काम आणि सुट्टी : बडोद्यातून सांगतो

नवीन ट्रेनी आला की पहिल्या आठवड्यात विचारतो फी किती मिळते, आणि त्याचं लग्न ठरलं की मग विचारतो सुट्टीचं काय असतं. तर सुट्टी नसते. म्हणजे द्यायला कोणी नसतंच, आपण विमा कंपन्यांच्या पॅनलवरचे इंडिपेंडंट सर्व्हेअर, म्हणजे नुकसान जागेवर जाऊन मोजून रिपोर्ट देणारे, पगार नाही, क्लेमवर फी. त्यामुळे सुट्टी आपणच काढायची असते आणि ती कशी काढायची हे ना १२ महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना परीक्षेत विचारतात.

मी आधी घोळ काय घातला ते ऐका. २०२३ च्या जूनमध्ये १४ तारखेची मनालीची तिकिटं काढली, मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत जाऊन येऊ म्हणून. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आठवडाभर आधीपासून घोळत होतं, रोज बातम्यांत दिसत होतं, आणि मी म्हणतोय आपल्याकडे कुठे येतंय. १५ ला संध्याकाळी कच्छात जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं. बायको आणि मुलगी मनालीला, मी गांधीधामच्या लॉजवर, लाइट नाही, उडालेल्या पत्र्यांचे फोटो मोजत बसलोय. मुलगी अजून ऐकवते.

तेव्हापासून मेच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत मी कुठलंच तिकीट काढत नाही. ताऊते वादळ पण १७ मेचंच होतं, २०२१ चं, म्हणजे मे महिना सुट्टीचा हे शाळेसाठी खरं, आपल्यासाठी अर्धंच. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा सीझन, तिकडे माणसं कमी पडली की इकडून बोलावतात, २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळानंतर चेन्नईला जाणारे होतेच. मार्चमध्ये कंपन्यांचं क्लोजिंग, सगळ्यांना पेंडिंग फाइल ३१ च्या आत हवी असते. मग उरतं काय, उत्तरायण, म्हणजे संक्रांत, झाल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत, आणि एप्रिलची सुरुवात ते साधारण १० मे. मोठी ट्रिप यातच बसवा. रेल्वेचं बुकिंग आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, लोक वैतागले, मला उलट बरं पडलं, एवढ्या आधी आपल्याला कुठे काय माहीत असतं.

पण नुसतं कॅलेंडर बघून भागत नाही, हातातल्या फाइली कुठे आल्यात ते बघावं लागतं. २०२४ च्या ऑगस्टचं सांगतो. गोकुळाष्टमीच्या सुमारास बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फूट. तीन दिवसांत माझ्याकडे ४१ क्लेम आले, आणि ७ सप्टेंबरला घरी गणपती. आई दांडिया बाजारात राहते, तिचा रोज एकच प्रश्न, "आरतीला तरी असशील ना रे?" मी हो म्हणून ठेवलेलं.

ते जमलं कारण पहिले दहा दिवस मी रिपोर्टला हातच लावला नाही, फक्त व्हिजिट. पाण्याची खूण भिंतीवर आहे तोवर मोजा, भिजलेला माल दुकानदाराने फेकायच्या आत मोजा, बाकी सगळं थांबतं. समा भागात एका प्लायवूडवाल्या काकांनी तर दुकान धुवून पुसून ठेवलेलं, "साहेब, क्यारे आवशो?", म्हणजे कधी येणार, असं विचारून विचारून थकले म्हणे. नशीब, खालची थप्पी तशीच होती, पानं सुटून फुगलेली, पाणी कुठवर चढलं ते त्यावरून कळलं. व्हिजिट झाली की त्याच रात्री कागदपत्रांचं पत्र मेल करायचं : स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं, जीएसटी रिटर्न वगैरे. आता बॉल त्यांच्या कोर्टात, सीएला वेळ लागतो, आठ-दहा दिवस सहज जातात, तीच आपली खिडकी. रिपोर्टला मुदत असते त्यामुळे उशीर कुणाकडून झाला ते मेलवर दिसायलाच पाहिजे, म्हणून रिमाइंडर मेल आधीच लिहून शेड्यूल करून ठेवा, तुम्ही मोदक खाताना ते आपोआप जातात.

मित्राला पाठवू आणि सही आपली करू हे डोक्यातून काढून टाका. नेमणूक तुमच्या नावाने, लायसन्स नंबर तुमचा, उद्या ग्राहक आयोगात उभं तुम्हालाच राहायचंय. त्यापेक्षा कंपनीला महिनाभर आधी मेल टाका की अमुक तारखा मी नाही, आणि त्याच्या तीन-चार दिवस आधीपासून नवीन काम देऊ नका. क्लेम यायच्या आधी नाही म्हटलेलं कोणी मनावर घेत नाही. घेतल्यावर परत केला की मात्र लक्षात ठेवतात, मला एका ठिकाणी त्यानंतर सहा महिने एक काम आलं नव्हतं, विचारलं तर "तुम्ही बिझी असता ना".

आणि गर्दीत पण अर्धा दिवस काढायचा, हे मी चूक करून शिकलो. त्याच पुरात नवव्या दिवशी सयाजीगंजच्या एका दुकानात ४ फूट २ इंच पाणी होतं ते मी डायरीत २ फूट ४ इंच लिहिलं. म्हणजे वरच्या दोन फळ्यांवरचा माल कोरडाच धरला असता की. टेप भिंतीला लावून काढलेला फोटो होता म्हणून रात्री पकडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन सायलेंट करून झोपलो, उठलो तर १७ मिस्ड कॉल, त्यातला एकही असा नव्हता की संध्याकाळी उत्तर देऊन चाललं नसतं.

आरतीला पोचलो, उशिरा, गमबूट दारातच काढले, आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली आधी पाय धू.