शॅन-नोस ऐकायला सुरुवात कुठून करायची?

शॅन-नोस म्हणजे आयर्लंडचं बिनसाथीचं जुनं गाणं, ते ऐकायचंय ना, मग थेट जो हीनी हा गायक लावा, पश्चिम आयर्लंडच्या कॉनेमारातल्या कार्नाकडचा माणूस, 1984 ला सिएटलमध्ये वारला, त्याची रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन आर्काइव्हमध्ये आहेत. आयरिश भाषा कळत नाही म्हणून बंद करू नका राव! एकच गाणं दोनतीनदा ऐका, दुसऱ्या कडव्यात तीच चाल येते पण हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, वेगळ्या अक्षरावर पडते, खरी गंमत तिथेच आहे. मग वॉटरफर्डकडचा निक्लास टोबीन, आवाज खणखणीत. डोनेगलचं गाणं त्यामानाने साधं, मला कॉनेमाराच जास्त आवडतं. नवीन नावं हवीत तर आयर्लंडच्या इरॉक्तस महोत्सवातल्या कोर्न ई रीडा या शॅन-नोस गायन स्पर्धेचे विजेते शोधा, आणि डब्लिनच्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हची साइट तर बघाच.